वायरचे जाकीट आणि सोसण्याचा खोटा इतिहास

१/
हिवाळा जवळ आला की एक वाक्य हमखास कानांवर येते. कुणीतरी स्पितीचा, लडाखचा किंवा साध्या पहाटेच्या महाबळेश्वरचा बेत सांगतो, बाइकच्या बॅटरीवर तापणारे जाकीट घ्यावे का असे विचारतो, आणि लगेच दुसरा कुणीतरी इतिहासाचा दाखला काढतो. आपले पूर्वज काय अंगाला वायरी गुंडाळून हिंडत होते? मावळ्यांनी एका घोंगडीवर हिवाळे काढले, महायुद्धातले वैमानिक उघड्या विमानांतून लढले, आणि तुम्हाला चार तासांच्या प्रवासाला अंगावर शेगडी हवी!

यातला टोमणा मला सहन होतो. दाखला मात्र होत नाही, कारण तो खोटा आहे. म्हणून हा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

२/
माझे म्हणणे आधीच मांडून ठेवते, म्हणजे पुढे वाद घालणाऱ्यांची सोय होईल.

पूर्वीच्या मोटरसायकलस्वारांनी विजेवर तापणारे कपडे वापरले नाहीत, याचे कारण त्यांच्या कणखरपणात शोधू नये. ते त्यांच्या गाडीच्या डायनॅमोत आहे. त्यांच्याजवळ वॅट नव्हते. आणि जिथे जिथे वीज हाताशी आली, तिथे तिथे त्या काळातल्या सर्वांत धाडसी माणसांनी ती विनासंकोच अंगावर चढवली. सोसण्याचे तत्त्वज्ञान त्यांच्या नावावर आपण नंतर, घरात बसून, चिकटवले आहे.

३/
सुरुवात मोटरसायकलपासून करता येत नाही. आकाशातून करावी लागते.

पहिल्या महायुद्धातले विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि उघडा कॉकपिट. दर किलोमीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर १५ अंश सेल्सिअस असेल, तर सहा किलोमीटरवर, म्हणजे सुमारे २०,००० फुटांवर, ते उणे २४ च्या आसपास जाते. त्यात ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वारा थेट तोंडावर. वैमानिक चेहऱ्याला देवमाशाचे तेल चोपडत. लोकर, कातडे, फर, रेशीम, जे मिळेल ते एकावर एक चढवत.

या थंडीत आपल्याकडचाही एक माणूस होता. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या ब्रिटिश स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. या विमानाची रचनाच अशी होती, की वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर राही. १९१८ च्या जूनमध्ये, पश्चिम आघाडीवर, त्यांचा अंत झाला. ‘उघड्या विमानांतले वीर’ असे सहज म्हणून टाकताना त्या चौकटीतून बाहेर राहिलेले डोके एकदा नजरेसमोर आणावे.

४/
आता प्रश्न असा, की हे वीर थंडी ‘सोसत’ होते का? सोसत होते, पण नाइलाजाने. आणि तो नाइलाज संपवण्यासाठी अखंड धडपडत होते.

सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची गोष्ट पाहा. एकदा घाईघाईत तो इंजिनाच्या तेलाने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच उडाला. उतरल्यावर इतर सारे कुडकुडत होते आणि हा ठणठणीत. तेलाने कापडाची छिद्रे बुजली होती, वारा आत शिरत नव्हता. त्याने ताबडतोब त्यावरून एक संपूर्ण अंगरखा बेतला: बाहेर वारारोधक कापड, मध्ये हवा अडवणारे रेशीम, आत फर. १९१७ चा हा सिडकॉट सूट ब्रिटिश वैमानिक पुढे अनेक दशके वापरत राहिले.

यात ‘मर्दाला थंडी कसली’ हा सूर तुम्हाला कुठे ऐकू येतो का? मला येतो तो एका हुशार कारागिराचा सूर.

५/
सिडकॉट उष्णता अडवत असे, निर्माण करत नसे. त्याच युद्धाच्या उत्तरार्धात पुढचे पाऊल पडले. जर्मनांची रुम्प्लर सी ७ ही टेहळणी विमाने छायाचित्रे घेण्यासाठी प्रचंड उंचीवर जात. त्यांतल्या वैमानिकांना ऑक्सिजन दिला जाई आणि अंगात विजेवर तापणारे पोशाख असत. ब्रिटिशांकडेही तापणारे हातमोजे, बंड्या आणि बूट आले. वीज कुठून येई? विमानाच्या बाहेरच्या अंगाला एक छोटा पंखा बसवलेला असे. समोरून येणारा वारा तो फिरवी, पंखा जनित्र फिरवी, आणि जनित्र वैमानिकाला ऊब देई.

जो वारा माणसाला गोठवत होता, त्यालाच ऊब देण्याच्या कामाला जुंपले! मला ही सगळी कहाणी आवडते ती मुख्यतः या पंख्यामुळे.

६/
आणि त्याच वेळी, त्याच आघाडीवर, खाली चिखलात मोटरसायकलवरून निरोप पोहोचवणारे डिस्पॅच रायडर होते. ब्रिटिश सैन्याची त्यांच्यासाठीची आवडती गाडी ट्रायम्फ मॉडेल एच. युद्धकाळात अशा सुमारे ३०,००० गाड्या तयार झाल्या.

या गाडीत वीज किती होती? ठिणगी पाडण्यापुरती. मॅग्नेटो इंजिनाला ठिणगी देई आणि तिथेच विजेचा संसार आटोपे. बॅटरी नाही, डायनॅमो नाही. पुढचा दिवासुद्धा ॲसिटिलीनचा: कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचे, वायू निघायचा, तो जाळून उजेड. जत्रेतल्या जुन्या कार्बाइडच्या दिव्यांच्या आठवणी आजोबांकडून ऐकल्या असतील, तर हा दिवा त्याच जातकुळीचा.

दोघेही एकाच राजाचे सैनिक आणि हिवाळाही एकच. वरच्याकडे पंखा आणि जनित्र आहे म्हणून काहींना तरी तापणारे हातमोजे मिळाले. खालच्याकडे नाही, म्हणून तो अंगरख्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या कोंबतो. खालचा अधिक शूर होता म्हणून त्याला हातमोजे नव्हते, असे म्हणणारा इतिहासकार मला दाखवा.

७/
एम.ए.च्या पहिल्याच सत्रात आम्हाला एक सावधगिरी शिकवली जाते. एखादी गोष्ट घडली नाही, एवढ्यावरून ती कुणाला नको होती असे सिद्ध होत नाही. आधी ती शक्य होती का ते तपासा, मग नकाराचा अर्थ लावा. ‘पूर्वीचे लोक वापरत नव्हते’ या वाक्यावर उभ्या असलेल्या निम्म्या फुशारक्या या एका चाचणीत गळून पडतात.

८/
दुसऱ्या महायुद्धाकडे वळू. इथे पुरावा इतका उघड आहे, की वाद करणाऱ्याची मला थोडी कीवच येते.

१९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची बी-१७ आणि नंतर बी-२४ ही अवजड बाँबफेकी विमाने इंग्लंडमधून युरोपवर जाऊ लागली. उंची २५,००० फुटांच्या आसपास. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नाही, उबेची सोय नावापुरती. विमानाच्या मध्यावर दोन्ही अंगांना मोठ्या उघड्या खिडक्या होत्या आणि तिथे मशीनगन धरून उभे राहणारे ‘वेस्ट गनर’ तासन्तास उणे ४० अंशांच्या झोतात असत. त्या थंडीत उघडा हात धातूला लागला तर कातडी चिकटून येई. आणि बंदूक अडकली की बोटांना मोकळीक हवी म्हणून नेमका हातमोजाच काढावासा वाटे.

परिणाम? पहिल्या चौदा महिन्यांत थंडीच्या इजेमुळे १,६३४ जणांना उड्डाणातून बाजूला करावे लागले. शत्रूच्या माऱ्याने जखमी होऊन बाजूला झाले १,२०७.

पुन्हा वाचा. जर्मनांच्या तोफा आणि लढाऊ विमाने एका पारड्यात, थंडी दुसऱ्या पारड्यात. आणि थंडीचे पारडे जड.

९/
या माणसांना ‘थोडे सोसा’ असे सांगून पाहायला हवे होते. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावरून उठताना संध्याकाळी आपली खुर्ची रिकामी असेल का, हे ज्यांना ठाऊक नसे, त्यांच्याहून अधिक सोशिक माणसे विसाव्या शतकात शोधून काढणे अवघड आहे. त्यांनी मागितले काय? प्लग.

त्यांना मिळालेला पहिला पोशाख जनरल इलेक्ट्रिकचा ‘एफ-१’. फिकट निळा, पायघोळ, लहान मुलांच्या झबल्या-विजारीसारखा. सैनिकांनी त्याचे नाव ठेवले ‘ब्लू बनी’, निळा ससा. मर्दानगीच्या आपल्या सगळ्या व्याख्या ज्यांच्या चित्रांवरून घेतल्या आहेत, ती माणसे जर्मनीवर चालून जाताना आत निळा ससा घालून बसलेली होती.

१०/
निळा ससा वाईट होता, हेही सांगायला हवे. तो वाईट का होता हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे, कारण ‘असल्या वायरींचा काय भरवसा’ हा आक्षेप तिथूनच आलेला आहे.

दिवाळीतली जुनी दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेक दिवा काढून तपासत बसायचे. तिला एकसर जोडणी म्हणतात. एफ-१ ची जोडणी तशीच होती. कोपर किंवा गुडघा वाकताना तार सतत दुमडायची, कधीतरी तुटायची, आणि एक तार तुटली की हात, पाय, पाठ सगळेच गार. कुठे दोन तारा एकमेकींना टेकल्या तर उलट प्रकार: बाहेर उणे ४० आणि आत चटका.

११/
मग काय केले? ‘बघा, वायरी फसव्या असतात, परत मेंढीच्या कातड्यावर या’ असे म्हटले का? नाही. जोडणी बदलली. पुढच्या एफ-२ आणि एफ-३ या पोशाखांत समांतर जोडणी आली, म्हणजे एका अवयवाचा प्रवाह तुटला तरी बाकीचे ऊबदार राहिले. तापणारे हातमोजे आणि पायमोजे सुधारले. उघड्या खिडक्या पुढच्या विमानांत काचेने बंद झाल्या. थंडीच्या इजा घटल्या.

दोष सापडला, दुरुस्त झाला. यंत्राच्या इतिहासात याहून रटाळ आणि याहून आदरणीय गोष्ट दुसरी नसते.

१२/
इथे एक लोकप्रिय उपकथा आडवी येते, तिचाही समाचार घेते. ‘युद्धाने जगाला तापणारे कपडे दिले, शांततेच्या काळात ते मोटरसायकलवाल्यांच्या हाती आले.’ ऐकायला नीटनेटके. पण मधली तीस वर्षे कुणी मोजत नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपले. सैन्याचे उरलेसुरले कपडे बाजारात मातीमोल भावाने आले. ब्रिटनमधल्या मोटरसायकलस्वारांनी वैमानिकांची मेंढीच्या कातड्याची आयर्विन जाकिटे आणि फरचे बूट अक्षरशः उचलून नेले. म्हणजे ऊब त्यांना हवी होती. मग तापणाऱ्या पोशाखांचे मोटरसायकलवर राज्य का आले नाही?

१३/
कारण आकडे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आकड्यांना घाबरू नये. हे पाचवीतले आहेत.

त्या काळातल्या सर्वसाधारण ब्रिटिश मोटरसायकलवर ल्युकास कंपनीचा ६ व्होल्टचा डायनॅमो असे. त्याची कमाल क्षमता ६० वॅट. हेडलाइटच त्यातली जवळपास निम्मी खाई. आजचे चांगले तापणारे जाकीट ७५ ते ९० वॅट घेते. म्हणजे दिवे बंद करून, बॅटरी उपाशी ठेवून, डायनॅमोचा शेवटचा वॅट ओढून घेतला तरी एक जाकीट धड तापणार नाही. आणि विमानातले पोशाख तर २४ व्होल्टवर चालणारे! ६ व्होल्टवर तेवढाच रोध जोडला तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होत नाही. ती एक सोळांश होते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जूलने १८४० च्या दशकात उलगडलेले विजेच्या उष्णतेचे गणित कुणाच्या शौर्याची दखल घेत नाही.

पोशाख होता, गरज होती, पैसेही होते. प्लग लावायला भोक नव्हते, एवढेच.

१४/
भोक आले कशामुळे? बुलेटला किक मारण्यातच पुरुषार्थ मानणाऱ्या मित्रमंडळींनी जरा सावरून बसावे.

ते आले बटन स्टार्टमुळे. इंजिन विजेने सुरू करायचे तर मोठी बॅटरी हवी. मोठी बॅटरी भरायची तर मोठे अल्टरनेटर हवे. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली, त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची ‘स्लॅश फाइव्ह’ मालिका आली. दोन्ही १२ व्होल्टच्या. बीएमडब्ल्यूचे अल्टरनेटर १८० वॅटचे होते. १९७० च्या दशकातच ते २८० वॅटवर गेले. एका पिढीत तिप्पट-चौपट वाढ. ज्या सोयीला ‘आळशांची चैन’ म्हणून नाके मुरडली गेली, तिच्याच पाठीवर बसून ऊब मोटरसायकलवर आली.

तेव्हा ‘युद्धाने दिले’ हे अर्धसत्य. युद्धाने कपडा शिवला. त्याला लागणारी वीज एका बदनाम बटनाने दिली.

१५/
त्यानंतर फार वाट पाहावी लागली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग नावाच्या गृहस्थांचा विमानाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. तिथले कामगार हिवाळ्यातही मोटरसायकलने कामावर येत. त्यांच्यासाठी तापणारे कपडे करता करता तोच वेगळा धंदा झाला. विमानाच्या दुनियेतून मोटरसायकलच्या दुनियेत हा कपडा उतरला, तो असा एका कारखान्याच्या दारातून. १९८१ मध्ये बीएमडब्ल्यूने तापणाऱ्या मुठी कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली.

सुरुवातीचे ग्राहक कोण होते हे ध्यानात घ्या: रोज पहाटे पावसापाण्यात, धुक्यात कामावर जाणारा माणूस. रविवारी ऊन पडल्यावर गाडी पुसून बाहेर काढणाऱ्याला तापणारे जाकीट लागतच नाही, आणि सोसण्यावरची प्रवचने बहुधा त्याच्याकडूनच ऐकू येतात.

१६/
आता मावळ्यांकडे येऊ. टाळून चालणार नाही, कारण दाखला तिथूनच सुरू झाला होता.

घोंगडीला ‘काहीच नसण्याची’ खूण समजणे हा घोंगडीचा अपमान आहे. दख्खनी मेंढीची भरड लोकर, धनगरांनी कातरलेली, हातमागावर विणलेली. पाऊस पडला तर पाणी चटकन आत शिरत नाही. ओली झाली तरी लोकर बरीचशी ऊब धरून ठेवते. अंगावर घ्या, डोक्यावरून खोळ करा, खाली अंथरा. सह्याद्रीच्या हवेसाठी त्या काळात याहून सरस वस्तू उपलब्ध नव्हती. म्हणजे मावळ्याने काय केले? आपल्या काळातले सर्वोत्तम साधन वापरले. घोंगडी अंगावर असलेल्या माणसाला साधनांविरुद्ध साक्षीला बोलावणे हा उफराटा न्याय झाला.

१७/
आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा फरक. मावळा गड चढत होता. मोटरसायकलस्वार बसलेला असतो.

माणूस स्वस्थ बसला की त्याचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. चढ चढताना हीच उष्णता कितीतरी पट वाढते. म्हणून हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर डिसेंबरात सदऱ्यावरही घाम येतो. गाडीवर बसणारा मात्र बसल्याजागी ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात असतो. खर्च वादळातल्या माणसाचा, कमाई खुर्चीतल्या माणसाची.

जाड कपडे हा खर्च कमी करतात. पण ते कमाई वाढवू शकत नाहीत, आणि तासा-दोन तासांनी हिशेब तोट्यात जातोच. तापणारे जाकीट ७५ वॅटची भर घालते. जवळजवळ पाऊण माणसाची ऊब जास्तीची. ट्रेकिंगचे भारी जाकीट घालून बाइकवर गेलेल्यांना ‘घातले तरी थंडी वाजते कशी’ असे वाटते, त्याचे उत्तर हे.

१८/
वाऱ्याचे म्हणाल, तर त्याचेही मोजमाप झालेले आहे. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४१ मध्ये अंटार्क्टिकात पाण्याने भरलेली नळकांडी वाऱ्यात टांगून ती गोठायला किती वेळ लागतो हे टिपले. १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने स्वीकारलेल्या सुधारित सूत्राप्रमाणे शून्य अंशात ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या चेहऱ्याला उणे १० सारखा लागतो. पारा शून्यावरच असतो. कातडीची उष्णता मात्र उणे १० च्या वेगाने निघून जाते.

१९/
‘थंडी वाजली तर वाजली, मरत तर नाही ना कुणी?’ हा शेवटचा बुरूज.

शरीर थंड होऊ लागले की ते पहिल्यांदा हातापायांचा रक्तपुरवठा आखडते. हृदय, मेंदू, यकृत वाचवायचे, बोटे गेली तरी चालतील, असा त्याचा प्राचीन हिशेब. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की हालचाली बोजड होतात. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच हरवू लागतो. आणि मोटरसायकलवर पुढचा ब्रेक कुठे असतो? त्याच बोटांखाली.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला फक्त अर्धा सेकंद उशीर केला, तर ११ मीटर गाडी तशीच पुढे. एका ट्रकची लांबी. अशा अपघाताच्या पंचनाम्यात ‘थंडी’ हा शब्द क्वचितच येईल. ‘नियंत्रण सुटल्याने’ असे लिहिले जाईल.

याच कारणासाठी हातमोज्यांआधी जाकीट घ्यावे. छाती-पाठ उबदार राहिली की शरीराला वाटते संकट टळले, आणि ते बोटांना रक्त परत सोडते.

२०/
हा वाद आपण पूर्वी एकदा घातलेला आहे. फक्त वस्तू वेगळी होती. (पुणेकरांनी हा भाग गाळला तरी चालेल.)

१९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रफ सुपिरिअर मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या इजेने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. तो मृत्यू केर्न्सच्या मनातून गेला नाही. युद्ध सुरू झाल्यावर त्याने अपघातग्रस्त मोटरसायकलस्वारांच्या कवट्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने निष्कर्ष छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या डिस्पॅच रायडरांना हेल्मेट सक्तीचे केले.

सामान्य नागरिकांना ते सक्तीचे व्हायला १९७३ उजाडले. मधल्या बत्तीस वर्षांत विरोधाचे सूर काय असतील, हे शोधायला कुठल्या अभिलेखागारात जायची गरज नाही. आपल्या चौकात उभे राहा.

२१/
लॉरेन्स भित्रा होता, म्हणून त्याला हेल्मेट हवे होते, असे कुणी म्हणत नाही. त्याचा मृत्यू आपण हळहळत वाचतो. मग गारठलेल्या हातांनी वळण चुकलेल्या माणसाबद्दल ‘सोसता आले नाही’ असे कसे म्हणता येते? इथेच या खोट्या इतिहासाचे विष आहे. तो नुसता चुकीचा असता तर मी एवढे लिहिले नसते. तो एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना लाजवतो. पहिल्यांदा हिमाचलला निघालेला मुलगा ‘चैन नको’ म्हणून जाकीट घेत नाही, पण त्याहून दुप्पट किमतीचा कर्कश सायलेन्सर बसवतो. ज्या पूर्वजांचा हवाला देऊन त्याला हे पटवले जाते, त्यांना विचारण्याची सोय असती तर ते प्लग कुठे आहे एवढेच विचारते.

२२/
वायरीचे कौतुक करताना तिचे दोष झाकणार नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही; मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी तापणारे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. जाकिटाच्या वायरला स्वतंत्र फ्यूज हवाच. आणि विजेवर भरवसा ठेवून लोकर घरी ठेवू नये. फ्यूज खिंडीत गेला तर अंगावर जे उरेल तेवढेच तुमचे. आठव्या हवाई दलातले लोकही तापणारा पोशाख उबदार कपड्यांच्या मध्ये घालत, त्यांच्याऐवजी नाही.

२३/
हिवाळ्यात खरेच निघणार असाल, तर तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत अल्टरनेटरचे वॅट पाहा. त्यातून हेडलाइट, इंजिनाचा पंप, इंजेक्शन, इग्निशन, मागचा दिवा आणि मोबाइलचा चार्जर वजा करा. उरलेल्यात जाकीट बसते का ते बघा. लहान इंजिनाच्या गाडीवर बहुधा बसणार नाही. तिथे स्वतःची लिथियम बॅटरी असलेले हातमोजे किंवा बंडी बरी. त्या बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

पुस्तिकेतला आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा असतो. घाटात वाहतूक तुंबली, गाडी नुसती घुरघुरत उभी राहिली, की अल्टरनेटर त्याच्या निम्मेही देत नाही. तेव्हा आधी जाकीट बंद करा, दिवा नाही.